ब्रिटिश नाणी आणि एरर नाणी: सतत येणारे प्रश्न

मला येणाऱ्या बहुतेक निरोपांत एक थोडा हललेला फोटो असतो आणि खाली एकच ओळ: "याचे किती मिळतील?" खरं सांगायचं तर उत्तर बहुतेक वेळा नाण्यावरच छापलेलं असतं. दोन पेन्सच्या नाण्याचे दोन पेन्स. पण अधूनमधून एखादा फोटो एरर नाण्याचा, म्हणजे टांकसाळीत चुकीचं पडलेल्या नाण्याचा, येतो आणि खुर्ची पुढे ओढून बसावं लागतं. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एकमेकांत अडकलेली असल्यामुळे क्रमांक दिले आहेत.

१. छंद आजच सुरू करायचा आहे. पहिलं काय विकत घेऊ?

दहापट मोठं दाखवणारं भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा आणि एक लोहचुंबक. नाणं एकही घेऊ नका.

ब्रिटनमध्ये राहत असाल तर नाणी बँकेतून सुट्या पैशांच्या पिशवीत येतात. ५० पेन्सची पिशवी १० पौंडांची, म्हणजे २० नाणी. दोन पौंडांची पिशवी २० पौंडांची, म्हणजे १० नाणी. दोन पेन्सची पिशवी १ पौंडाची, म्हणजे ५० नाणी. एकेक बघायचं, हवं ते ठेवायचं, बाकीचं परत भरायचं. यात तोटा होतच नाही, गेला तर वेळ जातो. नवखे लोक ५० पेन्सवर तुटून पडतात, कारण चित्रं तिथे जास्त असतात. मी मात्र दोन पेन्सच्या पिशव्यांवर शिकलो. नेहमीचं, बिनचूक नाणं कसं दिसतं हे डोळ्यांत बसल्याशिवाय चुकलेलं नाणं दिसत नाही.

२. सध्याच्या नाण्यांची मोटामोटी माहिती एका जागी मिळेल का?

दशमान पद्धत, म्हणजे पौंडाला १०० पेन्स, १५ फेब्रुवारी १९७१ पासून आली. ५ आणि १० पेन्सची नाणी त्याआधीच, १९६८ मध्ये, तर सात बाजूंचं ५० पेन्स १९६९ मध्ये व्यवहारात आलं होतं. २० पेन्स १९८२ चं. गोल एक पौंड १९८३ मध्ये आला आणि १५ ऑक्टोबर २०१७ ला गेला. त्याची जागा २८ मार्च २०१७ ला आलेल्या बारा बाजूंच्या नाण्याने घेतली. दोन धातूंचं दोन पौंडांचं नाणं १९९८ मध्ये लोकांच्या हातात पडलं, मात्र त्यावर १९९७ सालही सापडतं.

आकारही बदलले. ५ पेन्स १९९० मध्ये, १० पेन्स १९९२ मध्ये आणि ५० पेन्स १९९७ मध्ये लहान झालं. त्यामुळे "माझं ५० पेन्स नेहमीपेक्षा मोठं आहे, एरर आहे का?" याचं उत्तर: नाही, ते जुन्या मापाचं आहे. जुनं १३.५ ग्रॅमचं होतं, आताचं ८ ग्रॅमचं आहे.

३. शिलिंग, फ्लोरिन, हाफ क्राउन हा काय हिशेब आहे?

हा दशमान पद्धतीआधीचा हिशेब: १२ पेन्सचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे पौंडाला २४० पेन्स. दोन शिलिंगांचा फ्लोरिन, अडीच शिलिंगांचा हाफ क्राउन, पाच शिलिंगांचा क्राउन. आपल्याकडे सोळा आणे आणि एकशेब्याण्णव पैंचा हिशेब तोंडी करणारी पिढी होती, तिला हे जड गेलं नसतं.

फ्लोरिन म्हणजे पौंडाचा दहावा भाग. दशमान पद्धतीकडे टाकलेलं ते पहिलं पाऊल होतं, तेही १८४९ मध्ये! त्या पहिल्या फ्लोरिनवर 'देवाच्या कृपेने' या अर्थाची लॅटिन अक्षरं वगळली होती. लोक चिडले आणि नाण्याचं नाव 'देव नसलेला फ्लोरिन' पडलं. ती अक्षरं जाणूनबुजून वगळलेली असल्याने तो एरर धरत नाहीत.

४. ही नाणी पडतात कुठे? माझ्या जुन्या पेनीवर सालाजवळ एच अक्षर आहे, ते काय?

रॉयल मिंट ही टांकसाळ पूर्वी लंडनमध्ये टॉवर हिलवर होती. वेल्समधल्या लँट्रिसंटची नवी टांकसाळ डिसेंबर १९६८ मध्ये सुरू झाली आणि लंडनमधलं काम १९७५ मध्ये थांबलं. मागणी जास्त झाली की पूर्वी बर्मिंगहॅमच्या खासगी टांकसाळींना काम दिलं जाई. एच म्हणजे हीटन, के-एन म्हणजे किंग्ज नॉर्टन. १९१८ आणि १९१९ च्या के-एन पेनी चांगल्या अवस्थेत मिळणं अवघड आहे. ही खूणही चूक नव्हे, पण संग्राहक ती आवर्जून शोधतात.

५. दुर्मीळ नाणं आणि एरर नाणं यात फरक काय?

दुर्मीळ नाणं ठरवून कमी पाडलेलं असतं. एरर नाणं ठरवल्यापेक्षा वेगळं पडलेलं असतं. २००९ चं क्यू गार्डन्सचं ५० पेन्स पहिल्या प्रकारातलं, ते २,१०,००० पाडलं गेलं. पुढे राजा चार्ल्सच्या नव्या मालिकेतलं २०२३ सालचं सामन माशाचं ५० पेन्स २,००,००० पाडलं गेलं आणि चलनातलं सर्वांत दुर्मीळ ५० पेन्स हा क्यूचा मान त्याच्याकडे गेला. दोन्ही नाण्यांत चूक काहीच नाही.

तिसराही प्रकार आहे आणि तोच सगळ्यात जास्त सापडतो: बिघडलेलं नाणं. ठेचलेलं, भाजलेलं, घासलेलं, रस्त्यावर गाडीखाली आलेलं. म्हणून कुठलंही विचित्र नाणं हातात आलं की मी आधी एकच गोष्ट विचारतो: हे जे काही झालंय ते टांकसाळीच्या आत झालं की बाहेर? आत झालं असेल तर एरर, बाहेर झालं असेल तर नुकसान. पुढची निम्मी उत्तरं या एका प्रश्नाचीच आहेत.

६. टांकसाळीत चूक होते तरी कशी?

नाणं कसं पडतं ते डोळ्यांसमोर आणा. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या ठोकून काढतात. त्या तापवून मऊ करतात आणि कड किंचित उचलून घेतात. मग चकती एका कड्यात, म्हणजे कॉलरमध्ये, बसते. खालून एक साचा, वरून दुसरा, मध्ये प्रचंड दाब. मिनिटाला शेकडो नाणी. यातल्या प्रत्येक पायरीची आपापली चूक आहे.

पट्टी पुढे नीट सरकली नाही तर ठोकणी आधीच्या भोकावर चढते आणि चकतीला चंद्रकोरीसारखा चावा बसतो. याला क्लिप म्हणतात. मला एकदा दोन पेन्सच्या पिशवीत असा चावा सापडला. कानशीने घासून कुणीही असा आकार काढू शकतो, हे माहीत असल्याने मी आधी चाव्याच्या बरोबर समोरची कड बघितली. तिथे कड पुसट, दबलेली होती. चावलेल्या चकतीची कड उचलताना समोरच्या बाजूला जोर पोचत नाही, म्हणून असं होतं. याला ब्लेक्सली परिणाम म्हणतात. घासलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते. मग काट्यावर ठेवलं. पूर्ण वजन ७.१२ ग्रॅम हवं, ते बरंच कमी भरलं. त्या दिवशी चहा दोनदा गार झाला.

चकती कॉलरमध्ये नीट बसली नाही तर ठसा एका बाजूला सरकतो आणि उरलेला भाग कोरा राहतो. सरकलेला ठसा जितका जास्त तितकी किंमत जास्त, पण साल दिसत असेल तरच. पडलेलं नाणं साच्याला चिकटून राहिलं, तर पुढच्या चकतीवर त्याच नाण्याची छाप उमटते: एका बाजूला नेहमीची छबी, दुसऱ्या बाजूला तीच छबी खोलगट आणि आरशातल्यासारखी उलटी. हे ब्रॉकेज. घरी बसून ते हुबेहूब करणं फार कठीण, म्हणून माझ्या मते एरर नाण्यांतलं सर्वांत देखणं तेच.

साच्याला तडा गेला तर नाण्यावर बारीक उंच रेघ येते. रेघ उंच असेल तर तडा, खोल असेल तर ओरखडा; भिंगाखाली पाच सेकंदांत कळतं. साच्यात तेल-कचरा भरला तर एखादं अक्षर गायब होतं. अशी नाणी भरपूर असतात आणि त्यांना फारसं कुणी विचारत नाही.

आणि शेवटी दोन वेगळ्या नाण्यांसाठीचे साचे एकत्र बसवले गेले तर जे निपजतं ते म्यूल, म्हणजे खेचर. आई घोडी, बाप गाढव. त्याची दोन प्रसिद्ध उदाहरणं पुढच्या दोन प्रश्नांत आहेत.

७. साल नसलेलं २० पेन्स म्हणजे नक्की कुठलं?

२००८ मध्ये नाण्यांची चित्रं बदलली. सहा नाणी जोडली की राजचिन्हाची ढाल पूर्ण होते, ती मॅथ्यू डेंटची रचना आली. आधीच्या २० पेन्सवर साल मुकुटधारी गुलाबाच्या बाजूला होतं. नव्या रचनेत ते राणीच्या छबीच्या बाजूला हलवलं. काही नाण्यांना नवी ढाल आणि जुनी छबी असे साचे लागले, आणि साल दोन्हीकडून निसटलं. तीनशेहून अधिक वर्षांत सालाशिवाय चलनात आलेलं हे पहिलं ब्रिटिश नाणं. २००९ मध्ये बातमी फुटली. अशी नाणी जास्तीत जास्त अडीच लाख असावीत, असा टांकसाळीचा अंदाज होता.

निरोप पाठवण्याआधी तीन गोष्टी बघा. एक, मागे ढालीचा तुकडा हवा. गुलाब असेल तर साल गुलाबाच्या बाजूलाच आहे, नाणं उलटून पाहा. दोन, छबीच्या बाजूला साल खरंच नाही ना? तीन, छबीभोवतीच्या अक्षरांची जागा. इथेच खोटी नाणी पकडली जातात. नव्या छबीवर सालाला जागा करण्यासाठी अक्षरं वेगळी बसवली आहेत. अस्सल बिनसाली नाण्यावर ती अक्षरं जुन्या, २००७ किंवा त्याआधीच्या, २० पेन्ससारखीच असायला हवीत. एक जुनं नाणं शेजारी ठेवा, झालं.

मी सुरुवातीला हे केलं नाही. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून असं नाणं घेतलं, फोटोत छान दिसत होतं. हातात आल्यावर भिंगाखाली सालाच्या जागी एकाच दिशेने घासलेल्या बारीक रेषा होत्या, आणि अक्षरांची मांडणी नवी. पैसे परत मिळाले नाहीत. ते नाणं अजून माझ्या टेबलावर आहे, नवख्यांना दाखवायला बरं पडतं.

८. माझ्या दोन पेन्सवर 'न्यू पेन्स' लिहिलंय. ते फार महाग असतं ना?

साल बघा. १९७१ ते १९८१ पर्यंतच्या सगळ्याच दोन पेन्सवर 'न्यू पेन्स' आहे. त्यांची किंमत दोन पेन्स. १९८२ पासून मजकूर 'टू पेन्स' झाला. १९८३ साल आणि 'न्यू पेन्स' हे दोन्ही एकाच नाण्यावर असेल तरच ते खेचर. माहीत असलेली अशी नाणी संग्राहकांसाठी बांधलेल्या संचांतून बाहेर आली, त्यामुळे गल्ल्यात सापडण्याची आशा फारशी ठेवू नका. घरात १९८३ चा न उघडलेला संच पडून असेल तर मात्र तो आधी बघा. आणि ३ हा आकडा भिंगाखाली तपासा, १ चा ३ करणारे हात सराईत असतात.

९. कडेवरची अक्षरं उलटी आहेत. एरर का?

नाही. गोल एक पौंड आणि दोन पौंड या नाण्यांच्या कडेवरचा मजकूर ठसा पडण्याआधीच उमटवलेला असतो. मग चकत्या यंत्रात कशाही पडतात. त्यामुळे छबी वर ठेवली की साधारण निम्म्या नाण्यांवर कडेची अक्षरं सुलट आणि निम्म्यांवर उलटी दिसतात. माझ्याकडे सर्वांत जास्त आलेला प्रश्न हाच आहे, आणि उत्तर ऐकून सर्वांत जास्त लोक याच प्रश्नावर नाराज होतात.

कडेवर एका नाण्याचा मजकूर दुसऱ्यावर असेल, किंवा मजकूरच नसेल, तर गोष्ट वेगळी.

१०. राणी उलटी आहे म्हणतात ते दोन पौंडांचं नाणं कुठलं?

ब्रिटिश दशमान नाणं पुस्तकाचं पान उलटावं तसं डावीकडून उजवीकडे फिरवलं की दोन्ही बाजू सुलट दिसतात. २०१५ च्या ब्रिटानिया चित्राच्या काही दोन पौंडांच्या नाण्यांत एक साचा पडता पडता फिरला आणि राणी जवळजवळ डोक्यावर उभी राहिली. अशी सुमारे ३,२५० नाणी असावीत, असा टांकसाळीचा हिशेब होता.

थोडासा कल, पाच-दहा अंशांचा, इतर नाण्यांत सर्रास दिसतो. त्याला भाव नाही. कल मोजताना नाणं बोटांत नीट सरळ धरलंय ना, हे आधी बघा. फोटोंमधले निम्मे 'फिरलेले साचे' फिरलेल्या बोटांचे असतात.

११. दोन पेन्सचं नाणं चांदीसारखं पांढरं आहे!

चुंबक लावा आणि वजन करा. १ आणि २ पेन्सची नाणी सप्टेंबर १९९२ पासून तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाची आहेत, चिकटतात. त्याआधी ती कांस्याची होती, चिकटत नाहीत. (१९९८ ची २ पेन्स दोन्ही धातूंत सापडतात, त्यामुळे त्या सालाचं नाणं चिकटलं नाही तर दचकू नका.)

पांढरं दिसण्याचं नेहमीचं कारण शाळेची प्रयोगशाळा आहे. कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात जस्ताबरोबर तांब्याचं नाणं टाकलं की त्यावर जस्त चढतं आणि ते चांदीसारखं होतं. मग ज्योतीवर धरलं की पितळ होऊन सोन्यासारखं पिवळं दिसतं. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी हा प्रयोग केला आणि ती नाणी पुन्हा बाजारात गेली. चुकीच्या धातूच्या चकतीवर पडलेलं अस्सल नाणंही अधूनमधून निघतं. त्याचं वजन नेहमीच्या नाण्याशी सहसा जुळत नाही. वजन ७.१२ ग्रॅमच्या आसपास आणि रंग पांढरा असेल, तर माझा पहिला संशय शाळेवर.

१२. दोन धातूंच्या नाण्याचा मधला भाग निघालाय किंवा सरकलाय.

भोकाच्या आतल्या कडेकडे बघा. कड्यावर मधल्या भागाशिवायच ठसा पडला असेल, तर धातू आतल्या बाजूला ओघळलेला, दबलेला दिसतो. चित्राच्या रेघा भोकापाशी सुरीने कापल्यासारख्या स्वच्छ थांबत असतील, तर मधला भाग नंतर ठोकून काढला आहे. मधला धातू बाहेरच्या कड्यावर पसरून तळलेल्या अंड्यासारखा दिसत असेल आणि त्यावरून चित्र अखंड गेलं असेल, तर ते टांकसाळीतलं. असं नाणं जाणकाराला प्रत्यक्ष दाखवा, फोटोवर निकाल देता येत नाही.

१३. २००५ च्या गनपावडर कटाच्या दोन पौंडांवर 'रिमेंबर'मधला आर पी झालाय. विकू का?

कडेवरचं आर अक्षर पुसट उमटलं आणि त्याचा पाय राहून गेला, एवढंच. असे पुसट पाय खूप आहेत. विकायला हरकत नाही, पण बातमी वाचून जो भाव तुमच्या डोक्यात बसला आहे, तो भाव देणारा गिऱ्हाईक सहसा भेटत नाही.

१४. ऑलिंपिकच्या पोहण्याच्या ५० पेन्सवर चेहऱ्यावरून रेषा गेल्यात. हेच ते का?

असू शकेल. २०११ च्या त्या नाण्याच्या पहिल्या रचनेत पाण्याच्या रेषा पोहणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनही जात होत्या. चेहरा दिसावा म्हणून नंतर रचना बदलली. पहिल्या रचनेची थोडीच नाणी बाहेर आली आणि त्यांना हजार पौंडांच्या वर भाव गेला आहे. काटेकोर बोलायचं तर ही चूक नसून रचनेचा बदल आहे. नेहमीच्या नाण्यावरही शरीराभोवती रेषा असतातच, त्यामुळे फक्त चेहरा बघा: तो स्वच्छ असेल तर नेहमीचं नाणं.

१५. माझा गोल पौंड विचित्र आहे: कड अस्पष्ट, चित्र तिरकं. एरर ना?

बहुधा खोटा. गोल पौंड बदलण्याचं मुख्य कारणच ते होतं: तीस नाण्यांमागे साधारण एक खोटं, असा टांकसाळीचा अंदाज होता. मागचं चित्र आणि कडेवरचा मजकूर त्या सालाशी जुळत नसेल, छबीची बाजू आणि चित्राची बाजू एका रेषेत नसेल, अक्षरं साबणावर कोरल्यासारखी मऊ असतील, तर ते कुणाच्या तरी शेडमधलं उत्पादन आहे. खोटं आहे हे ठाऊक असताना ते चालवणं गुन्हा आहे. अस्सल गोल पौंड दुकानात चालत नाही, पण बँकेत खात्यात भरता येतो.

१६. जुनी पेनी काळी पडलीय. घासून चकचकीत करू का?

नको. नको. आणि तिसऱ्यांदा: नको.

माझ्याकडे व्हिक्टोरिया राणीची, केसांचा अंबाडा असलेली, १८६२ ची पेनी होती. गडद चॉकलेटी, केसांच्या बटा मोजता येतील अशी. मी ती व्हिनेगर आणि मिठात दहा मिनिटं ठेवली. बाहेर आली ती फिकट गुलाबी, सोललेल्या कातडीसारखी. दीडशे वर्षांत चढलेला तो थर म्हणजे मळ नव्हता, नाण्याचा पृष्ठभागच तो होता. आता ती कुठल्याही जाणकाराला हातभर लांबून ओळखू येते आणि तो ती पुन्हा ट्रेमध्ये ठेवतो.

माती असेल तर साध्या डिस्टिल्ड पाण्यात भिजवा, मऊ कापडावर टेकवून टिपून घ्या, पुसू नका. प्लॅस्टिकचा चिकट हिरवा थर (पुढचा प्रश्न पाहा) शुद्ध ॲसिटोनमध्ये जातो. नेलपॉलिश काढायच्या द्रवात सुगंध आणि तेलं असतात, तो वापरू नका. खिडकी उघडी ठेवा, जवळपास ज्योत नको.

१७. नाणी ठेवायची कशात?

पीव्हीसी प्लॅस्टिकचे मऊ खिसे टाळा. त्यातून सुटणारे पदार्थ नाण्यावर हिरवट चिकटा धरतात. मायलार (पारदर्शक पॉलिस्टर), आम्लरहित कागदी पाकीट किंवा कडक कॅप्सूल चालेल. लाकडी कपाट दिसतं छान, पण ओकच्या लाकडातून आम्लं सुटतात. संग्राहक महोगनी पसंत करतात. नाणं नेहमी कडेने धरा. ठेवायच्या खोलीत दमट हवा नसावी. एवढं पुरे.

१८. फाइन, व्हेरी फाइन, प्रूफ… हे काय आहे?

झीज मोजायची पट्टी. चढत्या क्रमाने फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन, अनसर्क्युलेटेड. ब्रिटनमध्ये 'फाइन' म्हणजे छान नव्हे, बऱ्यापैकी झिजलेलं. पहिल्यांदा ऑनलाइन घेणारे इथेच फसतात. प्रूफ ही झिजेची पायरी नाही, ती नाणं पाडण्याची पद्धत आहे: पॉलिश केलेल्या चकत्या, खास साचे, एकापेक्षा जास्त वेळा दाब. खिशात घालून फिरवलेलं प्रूफ नाणंही झिजलेलं प्रूफच राहतं.

१९. १९८१ चं चार्ल्स आणि डायनाच्या लग्नाचं मोठं नाणं आहे. आजीने जपून ठेवलं होतं.

आजीसाठी जपा. ते २५ पेन्सचं क्राउन आहे आणि लाखोंनी पाडलं गेलं. १९७७ च्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवाचं, १९८० चं राणीच्या आईचं आणि १९६५ चं चर्चिलचं क्राउन यांचीही तीच गत. चर्चिलचं तर १ कोटी ९० लाखांच्या वर पाडलं. चांदीची प्रूफ आवृत्ती वेगळी, तिला चांदीचा भाव आहे.

२०. जुन्या शिलिंगांत खरंच चांदी असते?

सालावर अवलंबून. १९१९ पर्यंत ९२.५ टक्के. पहिल्या महायुद्धानंतर चांदी महागली, म्हणून १९२० ते १९४६ पर्यंत ५० टक्के. १९४७ पासून तांबे-निकेल: दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेकडून घेतलेली चांदी परत करायची होती. पूर्ण वजनाचा शिलिंग ५.६६ ग्रॅमचा, फ्लोरिन ११.३१ आणि हाफ क्राउन १४.१४ ग्रॅमचा. विकण्याआधी १९४६ आणि १९४७ वेगळी करा. आणि वितळवण्याचा विचार आला तर थांबा: चालू ब्रिटिश नाणी परवान्याशिवाय वितळवायला किंवा तोडायला १९७१ च्या कायद्याने मनाई आहे.

२१. १९३३ ची पेनी सापडलीय असं वाटतंय.

वाटू दे. त्या वर्षी बँकांकडे पेनी इतक्या पडून होत्या की नव्या पाडायची गरजच नव्हती. मोजकीच नाणी पाडली, त्यातली काही इमारतींच्या पायाभरणीत ठेवली गेली. आज सात माहीत आहेत. त्यातलं एक लीड्समधल्या मिडलटनच्या चर्चमधून १९७० मध्ये चोरीला गेलं. शेवटचा आकडा बदलून केलेल्या नकला मात्र रग्गड आहेत. भिंगाखाली दोन्ही ३ एकाच वळणाचे आहेत का, आणि दुसऱ्या ३ भोवती धातू खरवडला आहे का, ते बघा.

२२. सुट्या पैशांत आयल ऑफ मॅनचं ५० पेन्स आलं. चालेल का?

आकार-वजन तेच, पण ब्रिटनच्या मुख्य भूमीवर ते कायदेशीर चलन नाही. जर्सी, गर्न्सी, जिब्राल्टर यांचंही तसंच. दुकानदार घेईल किंवा नाही घेणार. आयल ऑफ मॅनच्या नाताळच्या ५० पेन्सना संग्राहकांत चांगली मागणी आहे, त्यामुळे आलं तर राहू द्या.

२३. खरा भाव कळतो कसा?

मागितलेल्या किमतीवरून कळत नाही. दोन पेन्स पाच हजार पौंडांना विकायला ठेवायला कुणाचीच परवानगी लागत नाही, आणि बातम्या बहुतेक त्याच पाटीवरून होतात. ऑनलाइन लिलावात 'विकल्या गेलेल्या वस्तू' हा पर्याय निवडा, शेवटचे दहा-बारा सौदे बघा, टोकाचे सोडून द्या. एरर नाण्यांचं मात्र असं होतं की एकासारखं दुसरं नसतं, त्यामुळे तिथे दोन जाणकारांना विचारल्याशिवाय आकडा धरू नका. बातमी ताजी असताना विकणं आणि बातमी शिळी झाल्यावर घेणं, हा माझा नियम आहे. मी तो अनेकदा मोडला आहे.

२४. शेतात मेटल डिटेक्टरने जुनी नाणी सापडली तर ती माझी का?

आधी जमीनमालकाची परवानगी घेतली होती का? इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये १९९६ चा खजिन्याचा कायदा लागू होतो. ३०० वर्षांहून जुनी, सोन्याचांदीचा अंश किमान १० टक्के असलेली दोन किंवा जास्त नाणी एकत्र सापडली, तर ती खजिना ठरू शकतात आणि १४ दिवसांत कॉरोनर या स्थानिक अधिकाऱ्याला कळवावं लागतं. अंश १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर दहा नाणी हवीत. एकटं सापडलेलं नाणं सहसा यात येत नाही. स्कॉटलंडचा कायदा वेगळा आणि कडक आहे, तिथे एकटं नाणंही कळवावं लागतं. आणि जमिनीतून निघालेलं नाणं तिथेच पँटला घासून बघू नका. का ते प्रश्न १६ मध्ये आहे.